रीस्टार्ट होतो, पण सकाळी मशीन उठत नाही: ओव्हरक्लॉकनंतर कुठलं व्होल्टेज हलवायचं आणि किती

प्रश्न थोडक्यात असा. कोपरखैरण्यातला फ्लॅट, रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक, ३६०० सीएल१८ (सीएल म्हणजे रॅमचा वाचनाचा विलंब), १.३५ व्होल्टच्या. ओव्हरक्लॉक करायला, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायला, रॅम ३८०० वर नेली, फॅब्रिक (प्रोसेसरचे भाग आणि मेमरी कंट्रोलर जोडणारी आतली वाहिनी) १९०० केलं, कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोअरचं व्होल्टेज पायऱ्यांनी कमी-जास्त करणारं सेटिंग) सगळ्या कोअरना उणे २५ दिलं. दिवसभर गेम आणि रेंडर व्यवस्थित चालतात, रीस्टार्टही होतो. पण रात्री भिंतीवरचा स्विच बंद केला की सकाळी पंखे फिरतात, रॅमचा दिवा लागून राहतो, मशीन तीनदा आपोआप बंद-चालू होतं आणि शेवटी डिफॉल्ट सेटिंगवर येऊन थांबतं. शिवाय आठवड्यातून एकदोनदा विंडोजच्या फिरणाऱ्या ठिपक्यांवर निळा स्क्रीन येतो. डीरॅम व्होल्टेज, म्हणजे रॅमचं व्होल्टेज, १.४५ पर्यंत वाढवून पाहिलं, फरक नाही. आता एसओसी (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर आणि फॅब्रिकच्या भागाचं व्होल्टेज) १.२५ करू का?

नका करू. १.४५ ने फरक पडला नाही, म्हणजे दुखणं बहुधा दुसरीकडे आहे. आणि तुमच्या वर्णनात एक नाही, दोन वेगळे बिघाड दिसतात. सकाळचा रॅमचा दिवा हा ट्रेनिंगचा प्रश्न आहे. विंडोजच्या ठिपक्यांवरचा निळा स्क्रीन बहुतेक कर्व्ह ऑप्टिमायझरचा आहे. दोन्ही एकाच व्होल्टेजने बरे होणार नाहीत. सगळंच थोडं थोडं वाढवत गेलात तर नेमकं काय लागू पडलं आणि काय बिघडलं, ते कधीच कळणार नाही.

आधी सकाळचं. रीस्टार्टमध्ये रॅमची वीज तुटत नाही, आणि बऱ्याच गोष्टी आधीच जुळलेल्या असतात. भिंतीवरचा स्विच बंद केला की एसएमपीएसकडून येणारे स्टँडबायचे ५ व्होल्टही जातात. सकाळी बोर्ड शून्यापासून उठतो: प्रोसेसर जागा होतो, फॅब्रिक जुळतं, मग मेमरी ट्रेनिंग होतं. ट्रेनिंगमध्ये मेमरी कंट्रोलर प्रत्येक डेटा लाइनवर नमुने लिहून परत वाचतो, आणि सिग्नल कुठल्या क्षणी, कुठल्या पातळीला वाचायचा ते ठरवतो. ही खिडकी रुंद असेल तर ट्रेनिंग दर वेळी जमतं. अरुंद असेल तर कधी जमतं, कधी नाही. जमलं की दिवसभर कुरकुर नाही, म्हणून सेटिंग पक्कं आहे असं वाटतं.

‘कोल्ड बूट’ या शब्दावरून खोली गरम करण्याचे सल्ले मिळतात, ते आपल्याकडे सोडून द्या. नवी मुंबईत जानेवारीतली पहाटही रॅमच्या दृष्टीने थंड नसते. आपल्याकडे कोल्ड म्हणजे पूर्ण वीज काढून चालू केलेलं मशीन, एवढाच अर्थ घ्या.

दुसरी गोष्ट, आणि ही बहुतेक जण पाहतच नाहीत: बायॉसमधलं ‘ऑटो’ म्हणजे ठरलेला आकडा नव्हे. रॅमचा वेग वाढवला की बोर्ड एसओसी, व्हीडीडीजी (फॅब्रिकचं व्होल्टेज), प्रोकओडीटी (सिग्नल लाइनच्या टोकाचा रोध) हे सगळं आपल्या अंदाजाने बदलतो. ट्रेनिंग फसलं की पुढच्या प्रयत्नाला वेगळे आकडे लावणारे बोर्डही आहेत. सोमवारी जे मशीन उठलं आणि मंगळवारी जे अडकलं, त्यांचे आकडे एकच होते याची खात्री तुम्हाला देता येत नाही. म्हणून एखादं व्होल्टेज वाढवण्याआधी सगळी हाताने बांधून टाका. मशीन चालू झालेल्या दिवशी झेनटायमिंग्ज (रॅमची सगळी सेटिंग्ज दाखवणारं विंडोजचं टूल) उघडून पूर्ण पानाचा फोटो काढा. त्यात सबटायमिंग, प्रोकओडीटी, आरटीटी (रॅमच्या बाजूचे रोध) आणि सगळी लहान व्होल्टेजेस एकत्र दिसतात. तोच तुमचा पाया.

आता फॅब्रिक अडतंय की रॅम, हे वेगळं करा. व्होल्टेजला हात न लावता हे कळतं. आधी कर्व्ह ऑप्टिमायझर शून्य करा. मग फॅब्रिक १९०० ठेवून रॅम ३२०० वर आणा. लेटन्सी (मेमरीच्या प्रतिसादाचा वेळ) वाढेल, ती वाढू दे, आपण फक्त मशीन उठतं का ते बघतोय. पाचदा पूर्ण वीज काढून चालू करा. इथेही अडलं तर दोष फॅब्रिकचा. हे पार पडलं तर उलटं करा: फॅब्रिक १८००, रॅम ३८००. आता अडलं तर रॅम किंवा मेमरी कंट्रोलर. दोन्ही वेगवेगळे पाचपैकी पाच वेळा उठतात आणि एकत्र आले की अडतात, असं झालं तर एसओसी व्होल्टेजकडे बघा, कारण दोघांचा भार त्याच रेलवर (वीजपुरवठ्याच्या वाटेवर) येतो.

फॅब्रिक अडत असेल तर एक कडू गोष्ट आधी ऐका. रायझन ५००० च्या काही चिप्सना नेमक्या १९०० वर भोक असतं. १८६७ ला उठतात, काही तर १९३३ लाही उठतात, पण १९०० ला ढिम्म हलत नाहीत. बोर्डावर दोन अंकी डिस्प्ले असेल तर तिथे बहुधा ०७ दिसतं. तुमचं मशीन १९०० वर काही वेळा तरी उठतं, त्यामुळे तुम्हाला हे भोक नाही. पण वाचणाऱ्या कुणाचं मशीन त्या आकड्यावर एकदाही उठलं नसेल, तर व्होल्टेज ओतून उपयोग नाही. १८६७ आणि रॅम ३७३३ घ्या. फरक दोन टक्क्यांहूनही कमी आहे.

तुमच्यासाठी सुरुवातीचे आकडे असे ठेवा: एसओसी १.१०० व्होल्ट, व्हीडीडीजी आयओडी (मेमरी कंट्रोलर असलेल्या चिपच्या बाजूचं) १.०००, व्हीडीडीजी सीसीडी (कोअर असलेल्या चिपच्या बाजूचं) ०.९००, व्हीडीडीपी (मेमरी सिग्नलच्या सर्किटचं) ०.९००. यांचं आपसातलं नातं समजलं पाहिजे, कारण बहुतेक चुका इथेच होतात. दोन्ही व्हीडीडीजी स्वतंत्र नळातून येत नाहीत. ती प्रोसेसरच्या आतल्या रेग्युलेटरमधून एसओसीच्याच व्होल्टेजवरून खाली उतरवली जातात. त्या रेग्युलेटरला काम करायला वर थोडी जागा लागते. म्हणून व्हीडीडीजी हे एसओसीपेक्षा निदान ४० ते ५० मिलिव्होल्टने कमी हवं. एसओसी १.०५ आणि आयओडी १.०५ असं लिहिलं तर बायॉसमध्ये १.०५ दिसेल, पण प्रत्यक्षात तेवढं मिळणार नाही, आणि भार आला की ते डगमगेल. त्यात एसओसी स्वतः भाराखाली थोडं खाली बसतं. म्हणून एसओसी बायॉसमधल्या आकड्यावर नव्हे, एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर दाखवणाऱ्या टूलमधल्या एसव्हीआय२ टीएफएन या नोंदीवर मोजा. त्याच नावाखाली बोर्डाचा दुसरा सेन्सर दिसतो, त्यावर विसंबू नका.

यावर फॅब्रिक अडलं तर फक्त आयओडी २५ मिलिव्होल्टने वाढवा: १.०२५, मग १.०५०. त्याच्यापुढे जायचं तर एसओसी आधी १.१२५ करा. सीसीडीला उगाच हात लावू नका. १९०० साठी ०.९०० ते ०.९५० च्या आत ते सहसा भागतं, आणि जास्त दिल्याने काही चिप्सवर स्थैर्य उलट बिघडतं. हे अनेकांना पटत नाही, पण या रेलवर कमी करून बरं होणारी मशीनं पुष्कळ असतात. एसओसी १.२० वर ऑटोने चढवलेलं आणि सकाळी अडणारं मशीन १.०८ वर आणलं की सरळ उठतं, हेही होतं. म्हणून वर दोन पायऱ्या चढून फरक पडला नाही, तर मूळ आकड्यावर परत या आणि खाली दोन पायऱ्या बघा. एसओसीला रोजच्या वापरात १.१५ च्या वर न्यायची गरज या वेगाला पडू नये. १.२० ही माझी भिंत आहे, आणि तुमचं १.२५ त्या भिंतीपलीकडचं आहे.

एक बारीक सापळा: यातली बरीच सेटिंग्ज बायॉसमध्ये दोन ठिकाणी असतात, एकदा बोर्ड कंपनीच्या ट्विकर पानावर आणि एकदा एएमडी ओव्हरक्लॉकिंग पानावर. पहिल्या ठिकाणी १.०२५ असं व्होल्टमध्ये लिहायचं असतं, तर दुसऱ्या ठिकाणी १०२५ असं मिलिव्होल्टमध्ये. दोन्हीकडे वेगळे आकडे पडले तर कुठला लागू होईल ते बोर्डावर अवलंबून असतं. एकच जागा धरा, दुसरीकडे ऑटो ठेवा, आणि विंडोजमध्ये झेनटायमिंग्ज उघडून आकडा खरंच लागलाय का ते बघा.

रॅमची बाजू अडत असेल तर आधी १.४५ वरून १.३८ वर परत या. जास्त व्होल्टेज सगळ्याच चिप्सना मानवत नाही. थायफून बर्नरने स्टिकवर कुठली चिप आहे ते वाचा. सॅमसंग बी-डाय व्होल्टेज खाते आणि टायमिंग घट्ट करून देते. मायक्रॉन रेव्ह-ई मध्ये सीएल व्होल्टेजने कमी होतो, पण टीआरसीडी (रॅममधली ओळ उघडायला लागणारा वेळ) जवळपास जागचा हलत नाही, त्यामुळे तिथे टीआरसीडी सैल करणं, म्हणजे आकडा वाढवणं, हाच उपाय. सॅमसंग सी-डायला १.३५ च्या फार वर नेलं की ती उलट चुका करायला लागते. तुमच्याकडे ती असेल, तर १.४५ ने प्रश्न सोडवण्याऐवजी वाढवलाच असेल. हायनिक्स असेल तर १.३८ ते १.४२ मध्ये काम होतं. बाकी कुठल्याही चिपला बंद खोलीत, ग्राफिक्स कार्डाच्या गरम हवेवर, रोज १.४५ च्या वर चालवू नका.

बोर्डाच्या मेनूत डीरॅम बूट किंवा ट्रेनिंग व्होल्टेज असा वेगळा रकाना असेल तर तो चालू व्होल्टेजइतकाच ठेवा. नाहीतर ट्रेनिंग एका व्होल्टेजवर होतं आणि मशीन चालतं दुसऱ्यावर. रीस्टार्टला ठीक आणि सकाळी अडकलेलं, हे लक्षण त्यातूनही येतं.

त्यानंतर प्रोकओडीटी. खरं सांगायचं तर सकाळच्या अडण्यावर रॅमच्या व्होल्टेजपेक्षा हे जास्त वेळा लागू पडतं. हा ओहममधला रोध आहे. सिग्नल लाइनच्या टोकाला आपटून परत फिरू नये म्हणून प्रोसेसरच्या बाजूला तो लावलेला असतो. दोन स्टिकसाठी ३६.९, ४०, ४३.६, ४८ असे पर्याय दिसतील. ४० ने सुरुवात करा आणि एकेक पायरी दोन्ही बाजूंना बघा. स्टिक ड्युअल रँक (चिप्सचे दोन संच असलेल्या) असतील तर आरटीटी नॉम ७, राइट ३, पार्क १ हा संच बहुतेकदा चालतो. म्हणजे २४० ओहमचे भाग: सुमारे ३४, ८० आणि २४०. सिंगल रँक असतील तर नॉम बंद, राइट बंद, पार्क ५, म्हणजे ४८ ओहम. गिअर डाउन मोड चालू ठेवा. तो चालू असताना विषम सीएल पुढच्या सम आकड्यावर जातो, त्यामुळे १७ लिहिलंत तरी १८ च मिळेल. हे करूनही अडलं तर टीआरसीडी एकने आणि टीआरएफसी (रॅमच्या रिफ्रेशला लागणारा वेळ) दहा टक्क्यांनी सैल करून बघा. ते व्होल्टेज वाढवण्यापेक्षा बरं.

आता निळा स्क्रीन. कर्व्ह ऑप्टिमायझरची एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची. उणे २५ म्हणजे ७५ ते १२५ मिलिव्होल्ट कमी, आणि तेही सगळ्या कोअरना सरसकट. रेंडरमध्ये सगळे कोअर कमी वेगाने चालतात, म्हणून तिथे निभावतं. विंडोज सुरू होताना एकच कोअर क्षणभर पूर्ण वेगाला उसळी घेतो, लगेच झोपतो, परत उसळतो. कमी व्होल्टेज नेमकं तिथे उघडं पडतं. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम भागात व्हीया-लॉगरची (विंडोजची हार्डवेअरच्या चुकांची) नोंद बघा. १८ क्रमांक असेल तर बहुधा कोअरचा दोष, आणि त्यात एपीआयसी आयडी (कोअर ओळखायचा क्रमांक) दिलेला असतो. ५६०० वर दर कोअरला दोन आयडी: ० आणि १ म्हणजे कोअर ०, २ आणि ३ म्हणजे कोअर १, असं पुढे. त्याच कोअरचं उणे पाच पायऱ्यांनी घटवा, म्हणजे उणे २५ चं उणे २०. १९ क्रमांकाच्या नोंदी असतील तर ती बहुधा फॅब्रिकची तक्रार आहे, तेव्हा पुन्हा वरच्या आयओडीकडे जा. रायझन मास्टरमध्ये तारा लावलेले उत्तम कोअर आधीच कमी व्होल्टेजवर चालतात, त्यांना कमी कापा. त्या दोघांना उणे १०, बाकीच्यांना उणे २० ही चांगली सुरुवात. मग कोअरसायकलर (एकेका कोअरला ताण देणारं टूल) रात्रभर लावा, दर कोअरला निदान दहा मिनिटं.

या दरम्यान विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद ठेवा. ते चालू असलं की शटडाउनच्या वेळी कर्नलची प्रत डिस्कवर जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. रॅमच्या चुकीने ती प्रत खराब झाली असेल तर सेटिंग दुरुस्त केल्यावरही निळा स्क्रीन येत राहतो आणि तुम्ही बरोबर असलेलं व्होल्टेज परत बदलत बसता. सेटिंग पक्कं झाल्यावर एकदा सिस्टीम फाइल चेकरही चालवा.

ओव्हरक्लॉकशी संबंध नसलेल्या तीन गोष्टी याच लक्षणांनी येतात: रॅमचे खराब संपर्क, बोर्डावरचा सेल आणि एसएमपीएस. सीमॉस क्लिअर करून (बायॉसची सेटिंग्ज पुसून), एक्सएमपी हे रॅमचं तयार वेगाचं प्रोफाइलसुद्धा बंद ठेवून दोन दिवस डिफॉल्टवर चालवा. तरीही सकाळी अडलं तर ओव्हरक्लॉक निर्दोष आहे. खाडीच्या बाजूला, ऐरोली-वाशीपासून ठाण्यात कळवा-कोलशेतपर्यंत, पावसाळ्याचे चार महिने हवा ओली असते. रॅमची स्टिक काढून खिडकीपाशी तिरकी धरा. सोनेरी पट्ट्यांची रांग एकसारखी चमकायला हवी. मधे एखाद्या पट्टीवर तपकिरी डाग किंवा धुरकट पापुद्रा दिसला, तर तो संपर्क नीट लागत नसण्याची दाट शक्यता आहे. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल बिनधाग्याच्या कापडावर घेऊन पट्ट्या एकाच दिशेने पुसा, पाच मिनिटं सुकू द्या, आणि दोन्ही बाजूंनी कट्ट आवाज येईपर्यंत बसवा. खोडरबर शेवटचा उपाय, कारण तो मुलामा घासतो आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये जातो. दोन स्टिक असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट.

बोर्डावरचा सीआर२०३२ सेलही मोजा. रात्रभर स्विच बंद म्हणजे घड्याळाचा सगळा भार त्याच्यावर, त्यामुळे आपल्याकडे तो लवकर उतरतो. २.८ व्होल्टच्या खाली असेल तर बदला, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. आणि एसएमपीएस: मोलेक्सच्या पिवळ्या-काळ्या तारांवर मल्टिमीटर लावा, गेम चालू असताना ११.४ ते १२.६ च्या आत आकडा हवा. पहिल्यांदा बटण दाबल्यावर हूं की चूं नाही, दुसऱ्यांदा लगेच चालू, असं डिफॉल्टवरही होत असेल तर म्हातारा एसएमपीएस हाच पहिला संशयित.

सीमॉस क्लिअर करतानाही घाई नको. भिंतीवरचा स्विच बंद, वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेला चार्ज रिकामा करा, मग बोर्डाच्या पुस्तकात दाखवलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडा. त्याआधी चांगलं प्रोफाइल पेनड्राइव्हवर घेतलेलं असू द्या, कारण बायॉस अपडेट केला की बोर्डातली प्रोफाइल्स बहुधा पुसली जातात. बोर्ड स्वतः प्रयत्न करत असताना मधे वीज तोडू नका, दोन-तीन मिनिटं थांबा.

एएम५ (एएमडीचं पुढच्या पिढीचं सॉकेट) आणि डीडीआर५ वाल्यांनी वरचे आकडे घेऊ नयेत. तिथे पहिलं ट्रेनिंग काही मिनिटं चालतं आणि स्क्रीन काळाच राहतो, तो बिघाड नसतो. एसओसीला १.३० ही कमाल मर्यादा २०२३ मध्ये एक्स३डी चिप्स जळाल्यावर एएमडीनेच घातली. ६००० च्या एक्स्पो (एएमडीचं तयार रॅम-प्रोफाइल) किटला १.२० ते १.२५ मध्ये भागतं. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीवर काहीही हलवण्याआधी नवा बायॉस टाका. ऑगस्ट २०२४ च्या मायक्रोकोडने प्रोसेसरची व्होल्टेजची मागणी १.५५ वर अडवली आहे, आणि त्याआधीच्या बायॉसवर काढलेला कुठलाही निष्कर्ष उपयोगाचा नाही.

तपासणी अशी करा. एका वेळी एकच बदल. मग दहा चालू-बंद: पाच वेळा शटडाउन करून, पाच वेळा भिंतीवरचा स्विच बंद करून, बोर्डावरचे सगळे दिवे विझल्यावर आणखी अर्धा मिनिट थांबून. वहीत एकच ओळ: ‘एसओसी १.१००, आयओडी १.०२५, डीरॅम १.३८, ओडीटी ४०: १० पैकी ८’. दहापैकी दहा आले की रॅम तपासणाऱ्या टेस्टमेम५ ची एक्स्ट्रीम प्रोफाइल शून्य चुकांवर पूर्ण होऊ द्या, आणि मग एक पूर्ण रात्र वीज बंद ठेवून सकाळी बघा.

एवढं जमल्यावर एसओसी १२.५ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी खाली आणत जा. पहिल्यांदा अडेल तिथून दोन पायऱ्या वर थांबा, आणि आयओडीशी ४०-५० मिलिव्होल्टचं अंतर राहिलंय ना ते तपासा. मग मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, तासभर गेम खेळून रॅम ५० अंशांच्या वर गेली असताना लगेच रीस्टार्ट करून बघा. तिथे अडलं तर व्होल्टेज वाढवू नका. टीआरएफसी आणखी सैल करा, आणि रॅमवर एक १२० मिमीचा पंखा बसवा.